आमच्या वेबसाईटचं भरभरून अभिनंदन

चहा उकळेपर्यंत सांगूनच टाकतो, नाहीतर मुलुंडहून माझी बहीण नयना येईल आणि तीच तिखटमीठ लावून सांगेल. माझी कशी शोभा झाली, ते माझ्याच तोंडून ऐका.

आमची सुलभा मालवणी मसाला करते, तिच्या आईच्या पद्धतीनं. यंदा उन्हाळ्यात बोरिवलीच्या आमच्या गच्चीवर तिनं जरा जास्तच मिरच्या वाळवल्या. मला म्हणाली, "अहो, एवढा मसाला खपेल ना?" आणि मी, विमा ऑफिसात आयुष्यभर फायली सरकवणारा माणूस, म्हणालो, "वेबसाईट काढतो."

कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका मित्रानं विंडोज काढून त्याजागी लिनक्स टाकून दिलं होतं. नेटवर लेख सापडला, लिनक्सवर वेब सर्व्हर बसवण्याची सोपी पद्धत. एक ओळ टाइप करायची, की सर्व्हर, डेटाबेस, सगळा संसार एकदम येतो. मी ओळ टाइप केली. त्यानं पासवर्ड मागितला. मी टाइप करतोय आणि स्क्रीनवर एक अक्षर उमटेना. कीबोर्ड गेला की काय? उलटा करून झटकला. शेंगदाण्याची सालं पडली, पासवर्ड काही दिसेना. वैतागून एंटर मारलं, तर धडाधड ओळी धावायला लागल्या. लिनक्समध्ये पासवर्ड टाइप करताना दिसतच नाही म्हणे. मग आधी सांगायचं ना, यार.

पुढे लेखात म्हटल्याप्रमाणे ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' असा पत्ता टाकला. सर्व्हर चालू आहे, असं पान आलं. मी तिथंच लेख वाचणं थांबवलं. काम झालं, आता पुढं काय वाचायचं?

मग मी सुट्टी टाकून मसाल्याचं पान बनवलं. फोटो, भाव, ऑर्डरचं बटण. घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच पत्ता टाकला: "आपली वेबसाईट सुरू. जरूर बघा."

अभिनंदनाचा पाऊस पडला. हात जोडलेले, फुलं, अंगठे. नयनानं लिहिलं, "झकास, दादा." कुडाळच्या आत्यानं आवाजच पाठवला, "फोटो बघून तोंडाक पाणी सुटला रे."

ऑर्डर मात्र एकही येईना.

मला वाटलं, फोटो फिका असेल. दुसरा लावला. ग्रुपवर विचारलं, "आता लाल दिसतो का?" आत्या म्हणाली, "आता बरो दिसता." मी रंग आणखी चढवला. "आता तर एकदम झकास," नयना.

सगळ्यांना दिसतंय, सगळ्यांना आवडतंय, आणि मागवत कुणीच नाही. माझं डोकं चालेना. आणि सुलभाचा चेहरा उतरत चालला.

"फोटो आवडतो, मसालाच नको असेल," ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. "तिखट होत असेल. आईची पद्धत सोडते आता. पुढचा मसाला शेजारच्या बाईंसारखा करीन, फिका."

मला फार वाईट वाटलं. त्या मसाल्यावर तर मी लग्नाला हो म्हणालो होतो.

रविवारी नयना आली. "वहिनी, मसाला दे गं, घरचा संपलाय."

"असा नाही मिळणार," मी म्हणालो. "वेबसाईटवरून मागव."

तिनं फोन काढला. पान उघडेना. मी म्हटलं, तुझं नेटवर्क. तिला खिडकीत उभं केलं, मग बाल्कनीत, मग जिन्यात. काही नाही.

"आधी कशी उघडली होतीस?"

नयनानं फोन पर्समध्ये टाकला. "दादा, खरं सांगू? मी उघडलीच नव्हती रे. सगळे अभिनंदन टाकत होते, म्हणून मीपण टाकलं."

"आणि तो लाल फोटो?"

"आत्या म्हणाली ना बरो दिसता."

आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "माका खंय उघडूक येता? तू एवढा केलंस, म्हणून बरा म्हटलंय."

म्हणजे आख्ख्या खानदानात ते पान बघितलेला माणूस मी एकटा. सुलभानं बघितलं होतं, पण माझ्याच लॅपटॉपवर.

इकडे नयनानं ग्रुपवर सरळ लिहिलं, "मसाला हवा असेल तर वहिनीला फोन करा." पंधरवडाभर नुसती अभिनंदनं पाठवणारी माणसं तासाभरात डबे सांगायला लागली. सुलभा फोनवर ठणकावून सांगत होती, "तिखटच असतो हं, माझ्या आईचा आहे."

मी मात्र भडकलो होतो. "त्या लेखवाल्यानं फसवलं," म्हणत लेख पुन्हा उघडला. सुलभानं तो खालपर्यंत नेला आणि मोठ्यानं वाचला, "ही मांडणी फक्त सरावासाठी आहे. हे पान तुमच्याच कॉम्प्युटरवर दिसेल, बाहेरच्या कुणालाही दिसणार नाही."

मग ती आणखी थोडी खाली गेली आणि हसायलाच लागली. लेखाखाली वाचकांचे अभिप्राय होते. पहिलाच माझा, नावानिशी:

"संपूर्ण लेख काळजीपूर्वक वाचला. अतिशय उपयुक्त. अभिनंदन!"