पांढऱ्या दगडाच्या खालचे पाणी

निवृत्तीनंतर आम्ही हाटकेशला राहायला आलो. दोन हजार तीन साल असावे. सकाळची कामे आठपर्यंत आटोपत आणि पुढे दिवसभर करण्यासारखे काही नसे. तेव्हा स्कूटर काढून मी घोडबंदरच्या रस्त्याने चेण्याला जाऊ लागलो. तिथे नदी आहे. गळ टाकणे मला लहानपणी येत होते. मधली चौतीस वर्षे नोकरीत गेली.

नदीवर जागा सहज मिळाली नाही. आदल्या उन्हाळ्यात बाहेरच्या काही तरुणांनी डोहात सुतळी बॉम्ब फोडून मासे मारले होते. जंगलाच्या रक्षकाने गावाला बजावले होते की पुन्हा असे घडले, तर गावकऱ्यांचेही गळ बंद होतील. गावाने मग परक्यांना मज्जाव केला. एका आगरी म्हाताऱ्याने माझी हमी घेतली, म्हणून मला बसता आले. तो माझ्याच वयाचा होता.

"आयका साएब," तो म्हणाला. "पावसाच्या तोंडावर मासली अंड्यावर येते. तवापासून नारली पुनवेपर्यंत गल न्हाय. एका जेवनापुरता न्यायचा, जास्ती न्हाय. नि त्यो पांढरा दगड दिसतंय? त्याच्या वर जंगल. तिथं पाय न्हाय, गल पन न्हाय. तुमी चुकलाव तं माजी मान जाईल नि तुमची जागा."

"लिहून देऊ का?"

"लिवलेला कोन वाचतंय? ध्यानात ठेवा."

मी ध्यानात ठेवले. बंदीचे दिवस सोडले तर वर्षभर चिवणीसारखी लहान मासळी मिळाली, कधी काळुंदर. पत्नी अलिबागकडची. तिच्या माहेरी जावयाला जिताडा पाठवण्याची रीत होती. "माझ्या वडिलांनी जिताडे दिले," ती म्हणे, "जावयाने चिवणीवर भागवलं." जिताडा खाडीचा मोठा, मानाचा मासा; भरतीबरोबर नदीत चढतो. 

कार्तिकातल्या एका सकाळी भरतीचे पाणी चांगले चढले होते. माझी नायलॉनची दोरी प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली असे. ती बाटली हातात गरगर फिरली. मासा लागला होता आणि तो मोठा होता. त्याने वरची दिशा धरली. मी काठाने त्याच्यामागे गेलो आणि पांढऱ्या दगडापाशी थांबलो. मासा थांबला नाही. दोरी ताणून तो तीसेक हात आत, जंगलाच्या पाण्यात गेला.

"वडा, साएब, वडा! जिताडा हाय त्यो!" म्हातारा मागून ओरडला.

"त्याने हद्द ओलांडली."

"त्यानं वलांडली! तुमी कुठं वलांडली?"

एवढ्यात वरच्या पायवाटेवर खाकी कपडे दिसले. म्हातारा दोन पावले मागे सरकला. त्याची मान आणि माझी जागा, दोन्ही त्या दोरीला बांधलेली होती. मी खिशातून चाकू काढला आणि दोरी कापली. गळ माशाच्या तोंडात राहिला, याचे वाईट वाटले.

रक्षक खाली आला. विदर्भातला तरुण होता.

"काका, दोरी का कापली?"

"गळ तुमच्या पाण्यात होता."

"मासा कुठं लागला?"

"खाली."

"मग खालचाच की! ओढायचा होता."

म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. "आता सांगतंय! आदी शिटी तरी मारायची व्हतीस, मेल्या!"

रक्षक हसू लागला.

"असा नियम आहे का?" मी विचारले.

"नव्हता. आता करू."

आम्ही तिघांनी तिथेच उभ्या उभ्या ठरवले: खाली लागलेला मासा वर पळाला, तर दगडापाशी उभे राहून ओढावा; पाय पुढे टाकू नये. नोकरीत मी अनेक परिपत्रके तयार केली. इतक्या थोड्या वेळात एकही झाले नव्हते. निघताना रक्षक म्हाताऱ्याला म्हणाला, "यांची हमी नको आता."

घरी घडले ते सांगितले.

"केवढा होता?" पत्नीने विचारले.

"हाताएवढा."

"पाहिलात?"

"नाही."

"मग हाताएवढा कशावरून?"

त्या दिवशी डाळ-भात जेवलो.

पुढच्या आषाढात नव्या इमारतींमधले तिघे जण गळाच्या कोऱ्या काठ्या घेऊन डोहावर आले. म्हाताऱ्याने बोटाने मला दाखवले. "त्यांना इचारा. हितला कायदा त्यांच्याकडं हाय." मी छत्रीखाली खडकावर बसलो होतो. बंदी केव्हापर्यंत आहे, का आहे आणि दगड कुठे आहे, ते मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. एकाने काठी आवरता आवरता विचारले, "मग अंकल, तुम्ही इथे काय करताय?"

बंदी मासेमारीला होती. बसायला नव्हती.