जाऊबाईंच्या मोबाईलमधलं गाव

खानेसुमारीचे गुरुजी गावात आले की मला बरोबर घ्यायचे. मी काही शाळेत गेलेली नाही, वाचायला शिकले ती भावाच्या फाटक्या पुस्तकांवर. पण अडचण अशी होती की आमच्या बाया नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. गुरुजी कागद घेऊन दारात उभे आणि बाई पदर तोंडाला लावून गप्प. मग नाव मी सांगायची. माझ्या नवऱ्याचं मात्र शेजारणीला सांगावं लागायचं, ते सोडा.

मोजून झालं की आकडे वर जायचे आणि जाड पुस्तकात छापून यायला वर्षं लागायची. ते पुस्तक पुण्याच्या एका ग्रंथालयात होतं, बाहेर न्यायला मनाई. मी भाकरी बांधून एसटीनं गेले आणि आमच्या गावाची ओळ पेन्सिलीनं वहीत उतरवून आणली. माणसं किती, बाया किती, शेतकरी किती, सहा वर्षांच्या आतली पोरं किती. त्यानंतर कुणालाही अर्ज करायचा झाला की पाय माझ्या उंबऱ्याकडे वळायचे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत दुसऱ्या अंगणवाडीचा विषय निघाला. चाकणच्या कंपन्यांत कामाला येणाऱ्यांची बिऱ्हाडं आमच्याकडे चाळीचाळींतून भरलीत, आणि पोरांना बसायला एकच खोली. आकडा पाहिजे म्हटल्यावर सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "उद्या वही काढते."

"आक्का, वही ऱ्हाऊ द्या. त्यात जुनी मोजणी असंल. नंतरची हितंच हाय," धाकटी जाऊ म्हणाली आणि मोबाईल काढला. चहाला उकळी यायच्या आत तिनं गाव शोधलं. सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. मी एकटी सतरंजीच्या कडेला.

शेवटी मोबाईल माझ्या हातात आला. चष्मा लावून बघितलं तर ते गाव आमचं नव्हतंच. आम्ही खुर्द, ओढ्यापलीकडचं बुद्रुक. एकाच नावाची दोन गावं, तिचं बोट पडलं बुद्रुकवर. तिथं बिऱ्हाडं कमी, पोरंही कमी. तो आकडा गेला तर अंगणवाडी गेली, हे मला तिथल्या तिथं कळलं.

"छान हाय," म्हणून मी मोबाईल परत दिला.

अर्ज लिहून झाला, सोमवारी पंचायतीत द्यायचा ठरला. रविवारी पलीकडच्या चाळीतली बीडची बाई शिफ्टला निघाली होती, कडेवर तीन वर्षांची पोर. त्या पोरीला ती रोज कुणाकुणाच्या दारात ठेवून जाते. मला बघून थांबली. "काकू, व्हईल ना ओ अंगणवाडी?"

मी तशीच जावेकडे गेले.

"अगं, ते बुद्रुकचं हाय."

"कशावरून?"

"शेतकरी बघ किती दाखवलेत. आपल्या जमिनी कंपन्यांत गेल्या, एवढे शेतकरी आणायचे कुठून?"

तिनं बोट फिरवलं. खुर्द निघालं, पोरांचा आकडा चांगला दुपटीच्या वर. "व्हय की. तुमाला कवा कळलं?"

"त्याच दिवशी."

"मग बोलला का न्हाई?"

"सगळ्या तुझ्याभोवती बसल्या व्हत्या. मला बघवलं न्हाई."

तिनं मोबाईल खाली ठेवला. म्हणाली, "आन् गुरुजी तुमाला न्यायचे तवा? सातवी पास मी व्हते, आक्का. दाराआड उभी ऱ्हाऊन बघायची मी."

हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. पण म्हणून माझा जळफळाट थांबला असं नाही. मला पुण्याला जायला एक अख्खा दिवस लागला होता, हिनं चूक करून ती दुरुस्तही केली आणि चुलीवरचं दूध अजून वर आलं नव्हतं.

तिनं नवा अर्ज लिहिला आणि सहीला आधी माझ्यापुढे सरकवला. मी सही केली, जरा मोठीच. तिला कोपऱ्यात करावी लागली.