मान डोलावणारा भट्टीवाला

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं त्या सुमारास पालघरच्या शाळेत रविवारी छोट्या धंदेवाल्यांसाठी मार्गदर्शन वर्ग भरायचा. मी तिथे हौसेनं, फुकट शिकवायचो. जवळच्याच दांडी गावचा एक चुनाभट्टीवाला सगळ्यांच्या आधी येई, खांद्यावरच्या पंच्यानं बाक पुसे आणि अगदी माझ्यासमोर बसे. माझं वाक्य संपायच्या आत त्याची मान डोलू लागे.

"चुना उघड्यावर ठेवू नका, छप्पर घाला."

"बरोबर हाय, मास्तर."

पुढच्या रविवारी चुना उघड्यावरच. मग दोन सरी पडल्या आणि सगळा माल वाया गेला. हेही त्यानंच हसत सांगितलं! मी घसा कोरडा करून पुन्हा सांगायचो, मान पुन्हा डोलायची, छप्पर काही होत नव्हतं. शेवटी माझं डोकं फिरलं.

"ऐकायचंच नसेल तर भट्टी बंद करून टाका!"

"बरोबर हाय."

पुढच्या रविवारी तो नेहमीसारखाच आला, बाक पुसून बसला.

"भट्टी बंद केली, मास्तर. मानसं घरी पाठवली. आता पुढं काय करू?"

इतक्या दिवसांत त्यानं माझं एवढं एकच ऐकलं होतं. मी नुसती मान डोलावली.