सोडलेलं संत्रं

आमच्याकडे काशीला जाऊन आलेला माणूस एखादं फळ सोडतो. बहुतेक जण हे हिशेबानं करतात. माझ्या काकांनी रामफळ सोडलं होतं, आणि ते त्यांना आधीपासूनच आवडत नव्हतं. मी आईच्या अस्थी घेऊन गेलो, तेव्हा घाटावर सगळीच फळं सोडली. आंबट म्हणून जे काही असेल तेही सोडलं. लिंबू, चिंच, ताक, कैरी. संकल्प सांगणाऱ्या गुरुजींनी पाणी सोडायच्या आधी विचारलं, "सगळी?" मी मान हलवली. कारण विचारायचं त्यांचं काम नव्हतं, आणि सांगायचा माझा स्वभाव नव्हता.

आज सांगतो. शेवटच्या तापात आई अमरावतीला, राजापेठेतल्या आमच्या बिऱ्हाडी होती. जन्म सगळा वलगावच्या मळ्यात, भाजी काढण्यात आणि संत्री उतरवण्यात गेलेला. एका सकाळी तिनं संत्र्याची फोड मागितली. मी शाळामास्तर. तापात आंबट द्यायचं नाही, कफ वाढतो, हे मला अगदी पक्कं ठाऊक होतं. "बरी झालीस की टोपलंभर खा," असं म्हणालो आणि टोपी घालून शाळेत गेलो. त्यानंतर तिनं माझ्याकडे काही मागितलं नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

काशीहून आल्यावर मी भाकरी, शिजवलेलं वरण आणि दूध यांवर राहू लागलो. ताटाला चव येईल असं काहीच नको वाटे, म्हणून हळूहळू भाजीलाही नको म्हणायला लागलो. आमरसाच्या पंगतीत मी दूध-भाकरी कुस्करत बसे. बायको माझी पातूरकडची, बोलायला मोकळी. ती म्हणे, "संन्यास घ्याचा असन तं सांगून ठेवा. धोतरं भगवी कराले टाकतो." पण कारण तिनं कधी खोदून विचारलं नाही.

श्रावणात हिरड्या सुजल्या. भाकरीच्या घासाला रक्त लागू लागलं. शाळेत बाकाच्या खिळ्यानं पोटरीला ओरखडा काढला होता, तो भरेचना. फळ्यापाशी उभं राहिलं की पाय दुखत, आणि पोरांवर ओरडायचीही ताकद उरली नव्हती. बायको म्हणाली, "चला," आणि टांगा घेऊन आली.

डॉक्टरांनी हिरडी दाबून पाहिली आणि काय खातो ते विचारलं.

"मास्तर, हा रोग पूर्वी जहाजावरच्या खलाशांना व्हायचा. तुम्ही संत्र्यांच्या मुलखात राहून मिळवलात."

मग त्यांनी समजावून सांगितलं. क जीवनसत्त्व म्हणतात ते शरीर स्वतः तयार करत नाही, फार दिवस साठवूनही ठेवत नाही. अंगातलं मांस जिथल्या तिथे धरून ठेवायला ते लागतं. ते संपलं की हिरड्या सैल होतात, जखम मिटत नाही, कातडीखाली रक्त झिरपतं. "उद्यापासून संत्रं, पेरू, लिंबू. आवळा मिळाला तर सगळ्यांत उत्तम."

मी काशीचं सांगितलं. ते हसले नाहीत. तेवढ्यात बायकोनं विचारलं, "डाक्टरसायेब, थे फळातच राह्यते काय जी? पाल्यात नसते?"

"असतं की. शेवग्याच्या पाल्यात आहे, कोथिंबिरीत आहे, मुळ्याच्या पाल्यात, हिरव्या मिरचीत. पण शिजवलं की बरंचसं जातं. कच्चं खायला हवं."

"मंग झालं," ती म्हणाली.

उठता उठता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तापात संत्र्याची फोड दिली तर बाधते का हो?"

"कोण म्हणतं? मी तर रस द्यायला सांगतो."

परतताना टांग्यात मी मान खाली घालून बसलो होतो. एरवी टांग्याच्या घोड्याचीही चौकशी करणारी ती बाई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. माझ्याच आजाराचं मनावर घेतलं असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ताटात घोळाना येऊ लागला. कच्चा पाला बारीक चिरायचा, त्यात कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि कच्चं तेल घालून हातानं घोळायचं. कधी मुळ्याचा पाला, कधी शेवग्याची कोवळी पानं, कोथिंबीर तर मूठभर रोजच. खरी गोडी अंबाडीच्या कोवळ्या पाल्याच्या घोळान्याला, पण अंबाडी आंबट. ती माझ्या ताटापासून लांब ठेवून म्हणे, "हे देवाच्या वाट्याचं. तुमी आपले बकरीसारखे खा." चोरून लिंबू पिळणं तिला सोपं होतं, मला कळलंही नसतं. तिनं ते कधी केलं नाही. माझा संकल्प तिला पटला नव्हता, तरी तिनं तो माझ्यापेक्षा नीट सांभाळला, आणि त्यातूनच मला बरं केलं. एवढी अक्कल आणि एवढी माया एका जागी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तिच्यापुढे हे कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

दसऱ्याच्या सुमारास ओरखडा मिटला होता, हिरड्याही घट्ट झाल्या होत्या. कार्तिकात आवळीखाली जेवायला आम्ही वलगावला मळ्यात गेलो. जेवणं आटोपून मंडळी पांगली. ती खाली पडलेले आवळे वेचत होती. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आईनं फोड मागितली होती. मी दिली नाही."

ती वेचायची थांबली. "मले मालूम हाये. मी सैपाकघरातून आयकलं व्हतं." मग हातातले आवळे ओटीत टाकून म्हणाली, "तुमी शाळेत गेल्यावर मी देल्ली."

"काय?"

"संत्रं. सोलून, बिया काढून. आत्याबाईनं एक फोड खाल्ली न् म्हणल्या, हे आपल्या मळ्यातलं नाही. आन् दुसरी मांगतली."

मला हसू आलं. ती सासूला आत्याबाई म्हणे, आणि आईच म्हणेल असं वाक्य होतं ते. "मग मला का नाही सांगितलंस?"

"कशी सांगू? तुमी नाही म्हणलं असतानी देल्ली, आन् त्या गेल्या. मले वाटे, माया संत्र्यानंच गेल्या. डाक्टर बोलले तवा कुठी जीव खाली पडला." तिनं ओटीतले आवळे पदरानं पुसले. "तुमी तरी कवा बोलले, काहून सोडलं थे?"

म्हणजे डॉक्टरांच्या ज्या एका उत्तरानं मी टांग्यात खचून बसलो होतो, त्याच उत्तरानं शेजारी ती सुटली होती. एकाच घरात आम्ही एकाच संत्र्याचं ओझं वाहत होतो, आणि एकमेकांना ते दिसलं नव्हतं.

तिनं एक आवळा माझ्यापुढे धरला. "काशीले एकच फळ सोडतेत. एवढं सगळं गंगेनं तरी काय करावं?"

"मग संत्रं सोडलं," मी म्हणालो.

"सोडा. बाकीचं खा."

मी आवळा खाल्ला. संत्रं आजही खात नाही. थंडीत ती माझ्यासमोर बसून सोलते, एक फोड तोंडात टाकते आणि म्हणते, "हे आपल्या मळ्यातलं नाही." आणि दुसरी घेते.