संजीवनीची मे महिन्यातली फेरी

माझी बायको संजीवनी पुण्यात कॉलेजात इतिहास शिकवायची. माझ्या नोकरीपायी सिंगापूरला आली आणि अकरा वर्षं पुंगोलच्या फ्लॅटमध्ये आमचे डबे भरत राहिली. नवऱ्याच्या नोकरीच्या परवान्यावर आलेल्या बाईला इथे नोकरी मिळणं कर्मकठीण. शेवटी तिने एका म्युझियमचं स्वयंसेवक गाइडचं प्रशिक्षण घेतलं. पगार शून्य, पण गळ्यात नावाचा बिल्ला. तो आला त्या दिवशी बाईसाहेब जेवतानासुद्धा घालून बसल्या होत्या.

तिच्या वाट्याला आलेलं प्रदर्शन होतं विसाव्या शतकातल्या ब्रिटिश शिल्पांचं. नव्या गाइडला अख्ख्या प्रदर्शनात एकच फेरी मिळते. लोकांना घेऊन फिरायचं, बोलायचं. जमलं तर पुढे कायम.

सहा महिने घरात दुसरा विषय नव्हता. मी पोहे खातोय आणि ही समोर उभी राहून मला शिल्पं समजावतेय! आमची गार्गी कानात इयरफोन कोंबून इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडायची, "आई, अगेन द स्टोन? इनफ लाह!"

मीही कमी नव्हतो. "एवढा मोठा दगड, मधोमध भोक, आणि तो बघायला लोक रांग लावणार? धन्य आहे!"

"अरे, युद्ध पाहिलेले शिल्पकार होते ते," ती म्हणायची. "त्यांनी दगड आरपार पोखरला आणि तरी तो उभा राहिला. मला एवढंच सांगायचंय लोकांना."

फेब्रुवारीत मला ऑफिसात पत्र मिळालं. आमचं युनिट बंद, एकतीस मार्च शेवटचा दिवस. त्यानंतर तीस दिवसांत देश सोडायचा. पत्र बॅगेत कोंबून मी जुरोंग आयलंडहून कंपनीच्या बसने घरी आलो. दार उघडताच संजीवनी म्हणाली, "सुबोध, तारखा आल्या! मार्चमधला पहिला शनिवार घेऊ की मेमधला दुसरा? मार्चचा मला मिळतोय, पण निहारिकालाही हवाय. ती माझ्या बॅचमधली पोस्टडॉकवाली पोरगी. काय करू?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ती इतकी खुशीत होती, माझी जीभच उचलेना. शिवाय मेपर्यंत दुसरी नोकरी लागेलच, अशी घमेंडही होती. मी म्हटलं, "घाई काय आहे? मे घे. तयारी आणखी पक्की होईल."

तिने मे घेतला.

नोकरी कसली लागतेय! मार्चभर मी कंपनीच्या बसने जाऊन फावल्या वेळात अर्ज करत राहिलो. एक एप्रिलला ऑफिसला निघायचं नाटक करायचीही हिंमत उरली नाही. फेब्रुवारीतल्या पत्रासकट सगळं सांगून टाकलं. तिने आधी गार्गीच्या शाळेचं विचारलं, मग विमानाच्या तिकिटांचं. म्युझियमला फोन केला तर एप्रिलच्या सगळ्या फेऱ्या भरलेल्या. ती स्वतः जाऊन बिल्ला परत करून आली.

निघायच्या आदल्या शनिवारी आम्ही तिकीट काढून प्रदर्शन पाहायला गेलो. फेरी निहारिकाचीच होती. मार्चमधली छान झाली म्हणून तिला आणखी मिळाल्या होत्या. त्या भोकाच्या दगडापाशी एका म्हाताऱ्या चिनी बाईंनी विचारलं, हा असा का पोखरलाय? निहारिका अडखळली. तिची नजर संजीवनीवर गेली आणि चेहरा खुलला. "ताई, तुम्ही सांगा ना! यांचा यावर खूप अभ्यास आहे."

वीसेक माणसं वळून बघायला लागली. मी मनात म्हणत होतो, बोल गं, बोल. संजीवनीचे ओठ हलले. मग ती हसली आणि म्हणाली, "नाही, मी नुसती बघायला आलेय."

बाहेर आल्यावर मी तिचा हात धरला. म्हटलं, "माझी नोकरी गेली आणि तुझं सगळं घेऊन गेली. माफ कर."

तिने हात सोडवून घेतला नाही. आवाजही चढवला नाही.

"नोकरी कुणाचीही जाते, सुबोध," ती म्हणाली. "पण मी तुला तारीख विचारली होती."