खांद्यावरचा हात

आमच्या दिवाकरभाऊचं चंद्रपुरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, पण जीव सगळा जुन्या इंग्रजी पुरुषी मासिकांत. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची मासिकं. कव्हरवर वाघ, नाहीतर बाई, नाहीतर दोन्ही! शिकारीला येणारे साहेब ती वाचून डाकबंगल्यातच टाकून जायचे. गाडी माझी, म्हणून प्रत्येक शोधात मी सोबत. मासिकं त्याच्याकडे साठतात, किस्से माझ्याकडे.

वहिनींचं मत वेगळं. "लोकं वाघासाठी ताडोब्यात पहाटेपासून जिप्सीत बसते. माह्या पलंगाखाली पन्नास वाघ आहे, झाडू माराले जागा नाई!"

*

ब्रह्मपुरीच्या एका म्हाताऱ्या बाईंनी ट्रंकेतून अंक काढून दिला. उघडला, तर आतल्या एकूण एक गोऱ्या बायकांना शाईनं पोलकी घातलेली!

"नवरा पाह्यत बसे," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, पाहा. पण थंडी वाजत असन बिचाऱ्याईले."

मला वाटलं, अंक वाया गेला. दिवाकरभाऊ भिंग लावून बसलेला. "अबे, प्रत्येकीच्या बाहीची नक्षी वेगळी आहे!"

तो अंक आज त्याच्या कपाटात सगळ्यात वरच्या खणात आहे.

*

सिरोंच्यात एक म्हातारा शिंपी भेटला. त्याच्याकडे एकच अंक, त्यात सुटाची एक जाहिरात. तेवढ्यावर त्यानं गावातल्या कितीतरी नवरदेवांचे सूट शिवले होते. लग्नाचे फोटो दाखवले. प्रत्येक नवरदेवाचा डावा हात खिशात. काय रुबाब!

"सगळे डावाच हात काऊन घालते?" दिवाकरभाऊनं विचारलं.

"उजवा खिसाच नाई ना, भाऊ. जाहिरातीत साहेबाची एकच बाजू दिसते. दुसरी मी कुठून पाहू?"

त्या माणसाला मी मनातल्या मनात सलाम केला.

*

पण दिवाकरभाऊचा जीव अडकला होता एका अर्ध्या फोटोत. एटापल्लीच्या भंगारात मिळालेला अंक, त्यात आपल्याच जंगलातल्या शिकारीची गोष्ट. मधल्या दोन पानांवर मिळून एक फोटो, आणि उजवं पान फाडलेलं. डावीकडे बंदूकवाला साहेब, पायाशी वाघ. साहेबाचा एक हात बाजूच्या कोणाकडे तरी गेलेला, आणि कोपरापाशी पान संपलेलं.

"कोण होता बे तो?" भाऊ वर्षानुवर्षं विचारायचा. ते पान मिळावं म्हणून अंक पिशवीत घालून गावोगाव फिरायचा.

यंदा एटापल्लीच्या आत एका जंगलगावात पाणी प्यायला थांबलो. भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये, तेच पान! एक उघडा, काटक माणूस हसतोय आणि त्याच्या खांद्यावर कोपरापासून पुढचा एक हात.

"माहा बाप," घरातली म्हातारी म्हणाली. "एकडाव वाघानं झडप घातली होती, तरी वाचला. डाकबंगल्यातल्या पुस्तकात आपला फोटो दिसला, त पान फाडून आणलं त्यानं. मी लहान असतानाच गेला तो. मग आईले पुसलं, हा हात कोणाचा? आई म्हणे, देवाचा. मी म्हटलं, देव घड्याळ घालते का?"

खरंच, मनगटावर घड्याळ होतं!

"आई म्हणे, घातलं नाई त वेळेवर कसा येईन?"

दिवाकरभाऊचा हात पिशवीत गेला होता. अंक अर्धा बाहेरही आला होता. त्यानं तो हळूच आत सरकवला.

"बरोबर सांगितलं, बाई, तुमच्या आईनं," तो म्हणाला. "देवाचाच आहे."