दारावरचं आडनाव

किस्से गोळा करायला मला कुठे जावं लागत नाही. कॅनडात, रेजिनाच्या मराठी मंडळात महिन्यातून एकदा जेवायला गेलं की पुरे! येताना डब्यात उरलेला मसालेभात असतो आणि डोक्यात दोन तरी किस्से. मसालेभात दुसऱ्या दिवशी संपतो. किस्से मात्र मॅनिटोबाची हद्द आली तरी संपत नाहीत, आणि मी स्टिअरिंगवर एकटीच पुन्हा पुन्हा चिडत राहते.

*

सुरुवात बाबांपासून. बाबा नागपूरला हेडमास्तर होते. मी इथे येऊन कॉलेज केलं, दोन वर्षं ऑफिसात बसून दुसऱ्यांचे ट्रक कुठे पोचले ते फोनवर विचारत राहिले, आणि शेवटी कंटाळून मोठ्या ट्रकचं लायसन्सच काढलं. आनंदाने घरी फोन केला.

 पलीकडून हेडमास्तरांचा आवाज आला, "केतकी, आपल्या अख्ख्या खानदानात कुणी ट्रकवर क्लीनरसुद्धा नव्हतं!"

"म्हणजे मी पहिली!"

फोन आईकडे गेला.

*

तीन वर्षं कंपनीचा ट्रक चालवल्यावर स्वतःचा घ्यायचं ठरवलं. एक जुना ट्रक बघायला गेले. विकणारे अंकल आपल्याच देशातले.

"बेटा, साथ में कौन आया है?"

"कोई नहीं."

"तो गाडी देखेगा कौन?"

मी सरळ ट्रकखाली शिरले. पंधरा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा जॅकेटला ग्रीस आणि केसांत बर्फ होता. "पीछे के ब्रेक से हवा निकल रही है, दो टायर घिस गये हैं. अब बताइए अंकल, आपके साथ कौन आया है?"

त्यानंतर 'बेटा' बंद, 'मॅडम' सुरू! ब्रेक आणि टायर त्यांनी बदलून दिले.

*

आमच्या मंडळाचे कुलकर्णीकाका सरकारी खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेत. हायवेला लागायचं म्हटलं की त्यांचं ब्लड प्रेशर वाढतं, त्यामुळे गाडी काकू चालवतात. पण ट्रकिंगवर सल्ला काका देतात!

"धंदा चांगला आहे हो. पण तू ऑफिसात बस आणि एक ड्रायव्हर ठेव."

"काका, ड्रायव्हर मीच आहे."

"ते कळलं गं मला. पण चालवणार कोण?"

*

तोवर आईबाबा सहा महिन्यांसाठी इथे आले होते. लोकांनी विचारलं की बाबा गंभीरपणे सांगत, "ती सप्लाय चेनमध्ये आहे." खोटं नाही. पण मी बाजूलाच उभी असायचे!

या 'सप्लाय चेन'च्या जोरावर शैलाकाकूंनी, म्हणजे कुलकर्णीकाकांच्या मिसेसनी, कॅनडातल्याच वॉटर्लूचं एक स्थळ आणलं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये. त्याची आई व्हिडिओ कॉलवर. मुलगा बहुधा शेजारच्या खोलीत, निकालाची वाट बघत.

"हिला वर्क फ्रॉम होम मिळतं का?"

बाबांना खोकला आला.

"मिळतं की!" मी म्हटलं. "मी घर घेऊनच कामाला जाते. सीटच्या मागे पलंग आहे, छोटा फ्रिज आहे. तुमच्या मुलाला स्वयंपाक येतो का?"

स्क्रीन काळी झाली.

"नेटवर्क गेलं वाटतं," शैलाकाकू म्हणाल्या.

*

इथल्या नियमाप्रमाणे ट्रकच्या दारावर कंपनीचं नाव हवं. बाबा म्हणाले, "काहीही लिही, आडनाव लिहू नकोस."

"का?"

"तुझ्या आजोबांच्या नावाने शाळेत बक्षीस देतात."

"मग?"

"मग काय मग! फळ्यावर शोभणारं नाव आहे ते. ट्रकवर लिहिणार तू?"

"लिहिणार. नाव त्यांचं असेल, पण माझंही आहे ना?"

दोन्ही दारांवर हातभर अक्षरांत 'ठोसर ट्रकिंग' लागलं. बाबा ट्रककडे फिरकेनात. जेवताना मीठ मागायचं तरी आईमार्फत. एप्रिलमध्ये त्यांचं परतीचं तिकीट होतं. सगळ्यांशी मी भांडू शकते, पण न बोलणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं? ते असेच तोंड फिरवून नागपूरला निघून गेले असते, तर तो ट्रक चालवताना रोज ते दार मला टोचलं असतं.

*

पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी आईच्या हट्टाने पूजा. बाहेर उणे एकतीस! अशा थंडीत डिझेल इंजिन गोठू नये म्हणून त्याचा हीटर सतत प्लगला लावून ठेवावा लागतो. मी लावला होता. चाकाखाली लिंबू ठेवलं, तर ते दगडासारखं टणक. नारळ तीनदा आपटला तेव्हा फुटला. आरती दणक्यात झाली. मुहूर्तावर मी किल्ली फिरवली.

घर्र... घर्र... ठप्प.

"हीटरची वायर कुणी काढली?"

कुलकर्णीकाका शांतपणे म्हणाले, "अगं, आरतीच्या स्पीकरला प्लग नको?"

वर स्वतःच निर्णय दिला, "अपशकुन! पहिली फेरी पुढच्या आठवड्यात कर."

"काका, पुढच्या आठवड्यात हा माल दुसऱ्याच्या ट्रकमधून जाईल!"

बाबा लांब उभे होते.  ते पुढे आले आणि स्पीकरची वायर उपटून हीटरची लावली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी विनिपेगला मसूर न्यायचा होता. निघाले, तर दारात बाबा. डोक्याला माकडटोपी, हातात डबा.

"तुझी आई म्हणते, एकटी जाऊ नकोस."

"मी कधी म्हटलं?" आतून आईचा आवाज.

दोन तास बाबा खिडकीबाहेर बघत बसले. मग हायवेवरच्या वजनकाट्यावर आम्हाला तपासणीसाठी बाजूला घेतलं. ऑफिसरने माझं लायसन्स बघितलं, कागद बघितले, मग वाकून माझ्या पलीकडे बाबांना विचारलं, "यू आर द ओनर, सर?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी हात वर केला. वर्गाला गप्प करताना करायचे तसा.

"प्लीज रीड द डोअर, सर. ठोसर. माय डॉटर. शी इज द ओनर, शी इज द ड्रायव्हर."

"अँड यू?"

बाबांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली आणि ताठ बसले.

"आय अ‍ॅम द क्लीनर."